तांबं नॉर्मल आलं तरी एटीपी७एवरचा संशय सुटत नाही
'रक्तातलं तांबं नॉर्मल, म्हणजे एटीपी७ए ठीक' असं कोणी म्हणत असेल, तर ते मेंकेसपुरतं (शरीराला तांबं कमी पडणारा जन्मजात आजार) चालेल. एटीपी७ए हे तांबं वाहून नेणारं पंप-प्रथिन. ते एरवी पेशीतल्या गॉल्जीपाशी (प्रथिनांची वाटणी करणारा भाग) असतं. पेशीत तांबं वाढलं की पेशीपटलाकडे सरकतं, जादा तांबं बाहेर टाकतं आणि परततं. २०१० मध्ये सापडलेल्या त्याच्या जनुकातल्या दोन उत्परिवर्तनांत (बदलांत) पंप बराचसा चालतो, बिघडते ती ही ये-जा. त्यांतल्या पी१३८६एस प्रकारात तर काही प्रथिन पटलावरच अडकून राहतं. झळ लांब अक्षतंतूंच्या (संदेश नेणाऱ्या धाग्यांच्या) चेतापेशींना: पावलांचे, हातांचे स्नायू झिजतात, बहुतेक पुरुषांत. सिरम कॉपर (रक्तातलं तांबं), सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबं वाहणारं प्रथिन) मात्र नॉर्मल! म्हणून जनुकचाचणीच हवी.

आणि आपल्या गोव्यात 'तांबं' ऐकताच ताटातले काजू, तिसऱ्या बंद करतात, तसं इथे कृपया करू नका. ते पथ्य विल्सनचं (शरीरात तांबं साठणारा आजार), म्हणजे एटीपी७बी या दुसऱ्या तांबं-पंपाच्या बिघाडाचं.