काही चालू नाही तरी सीपीयू ७० टक्के??

गिरगावकर: पीसी नुसता पडलेला असतो तरी पंखा घरघरतोय, कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला की वापर लगेच खाली येतो, मग पकडायचं कोणाला?

माहीमवाला: मायनर असेल रे, म्हणजे आपल्या पीसीवर गुपचूप क्रिप्टो कमावणारा व्हायरस, काही मायनर टास्क मॅनेजर दिसला की गप्प बसतात. क्रॅकवालं, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर, काही टाकलंयस का? विंडोजच्याच अँटीव्हायरसचा, डिफेंडरचा, ऑफलाइन स्कॅन मार, तो विंडोजच्या बाहेरून तपासतो.

दादर_स्लो: थांबा हो, विंडोजचं ऑटोमॅटिक मेंटेनन्स (पीसी रिकामा असताना आपोआप चालणारी देखभाल) पण आपण माउस हलवला की थांबतं. टास्क मॅनेजर उघडाच ठेवून बाजूला हो, पंखा परत सुरू झाला तर मेंटेनन्स, नाहीतर संशय घे.

गिरगावकर: चहा मारून आलो, पंखा गप्पच 😐 धाकट्याने लॅमिंग्टन रोडवरून गेम भरून आणलेत, स्कॅन लावतो.

माहीमवाला: बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदल आधी.