मायलिनच्या आवरणात फटी कशासाठी?

ओंजळ: चेतापेशीच्या आकृतीत पेशीकाय, डेन्ड्राइट, अ‍ॅक्सॉन (पेशीतून निघणारा लांब तंतू) इथपर्यंत सगळं कळतं. अडतं मायलिनपाशी, म्हणजे त्या तंतूभोवतीच्या आवरणापाशी. ते वायरवरच्या प्लास्टिकसारखं असेल, तर मध्येमध्ये रॅनव्हिएच्या गाठी, म्हणजे उघड्या जागा, कशाला? आवरण सलग असतं तर आवेग, म्हणजे चेतापेशीतला विद्युत सिग्नल, आणखी वेगात गेला नसता का?

मिलिव्होल्ट: वाटेतच विझला असता. वायरची उपमा इथेच दगा देते. अ‍ॅक्सॉनमधला द्रव तांब्याच्या मानाने अगदीच सुमार वाहक, शिवाय मायलिनमधूनही थोडी गळती होतेच. म्हणून सिग्नल ठरावीक अंतरावर पुन्हा उभा करावा लागतो. ते काम गाठीचं. तिथे पेशीच्या पटलात सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे सोडियम आत सोडणारी दारं, दाटीवाटीने असतात. विभव, म्हणजे पटलाच्या आत-बाहेरचा विद्युतदाबाचा फरक, −७० वरून साधारण −५५ मिलिव्होल्टपर्यंत आला की त्या उघडतात, सोडियम आत घुसतो आणि आवेग पुन्हा पूर्ण उंचीचा होतो. गाठ जेमतेम १ मायक्रोमीटरची; जाड तंतूत दोन गाठींमधलं अंतर १ मिलिमीटरच्या आसपास.

आडवाछेद: ‘आवेग गाठीवरून गाठीवर उडी मारतो’ असं पुस्तकांत असतं, ते जपून वाचा. प्रवाह आतून सलगच वाहतो. मायलिनमुळे पटलावर प्रभार कमी साठवावा लागतो, म्हणून तेवढा टप्पा झटकन पार होतो. गाठीत वाहिन्या उघडायला मात्र वेळ लागतो. मायलिन नसलेल्या तंतूत वेग सेकंदाला ०.५ ते २ मीटर, सर्वांत जाड मायलिनवाल्या तंतूत १२० पर्यंत. पायाचा अंगठा ठेचकाळला की आधी तीक्ष्ण कळ येते, मागाहून ठणका. कळ पातळ मायलिनवाल्या तंतूंतून येते, ठणका उघड्या तंतूंतून.

ओंजळ: मग मायलिन झिजलं तर आवेग नुसता मंदावतो ना, उघड्या तंतूसारखा?

मिलिव्होल्ट: मंदावतो, पण बरेचदा तिथेच थांबतो. जन्मतः उघड्या तंतूत सोडियमच्या वाहिन्या सगळीकडे पसरलेल्या असतात. मायलिन निघून उघड्या पडलेल्या भागात त्या जवळपास नसतातच, त्यामुळे प्रवाह गळून जातो आणि पुढची गाठ −५५ ला पोचतच नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मायलिन झिजण्याच्या आजारात अंग तापलं की लक्षणं तात्पुरती वाढतात, तीही यामुळेच: उष्णतेने वाहिन्या लवकर मिटतात, आत येणारा सोडियम कमी पडतो आणि कसाबसा पोचणारा आवेगही अडतो.