प्रति: अमिगाच्या बोर्डावर गळलेली बॅटरी

अमिगा या जुन्या घरगुती संगणकाच्या बोर्डावर बॅटरी गळली तर ती कशी साफ करायची, या प्रश्नावर वर खायचा सोडा लावायचा सल्ला आलाय, तो इथे उपयोगाचा नाही. अमिगा ५०० प्लसची (१९९१) बॅटरी निकेल-कॅडमियमची. तिच्यातून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे मुळातच अल्कली (आम्लाच्या उलट), आणि सोडाही त्याच जातीचा. त्यावर उतारा आम्लाचा, म्हणजे पांढरं व्हिनेगर. आधी बॅटरी काढा, मग इअरबडने व्हिनेगर लावा, लगेच डिस्टिल्ड वॉटरने धुवा, शेवटी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) फिरवा.

खरी मेख पुढे आहे. हिरव्या थराखाली काळपट पडलेले ट्रॅक (बोर्डावरच्या वीज नेणाऱ्या तांब्याच्या रेषा) हळूच खरवडा आणि मल्टिमीटरचा बीप येतो का, म्हणजे ट्रॅक अखंड आहे का, बघा. राखाडी पडलेलं सोल्डर (सुटे भाग बोर्डाला जोडणारा धातू) सहजी वितळत नाही. फ्लक्स (सोल्डर नीट वितळून पसरायला मदत करणारं रसायन) आणि नवं सोल्डर घालूनच ते काढा. नुसती उष्णता वाढवलीत तर पॅडच (भाग ज्यावर जोडलेला असतो तो तांब्याचा ठिपका) उखडून येईल. आणि जुन्या बॅटरीच्या जागी कॉइन सेल (नाण्यासारखी चपटी, चार्ज न करायची बॅटरी) बसवणार असाल तर चार्जिंग अडवायला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाका बुवा!