मदत हवी आहे: पडवीतल्या जुन्या चित्राची किंमत कशी ठरवायची?

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याजवळ आमचं मूळ घर आहे. यंदा छपराचे नळे उतरवून पत्रे घालायचं ठरलं आणि भिंतींवरचं सगळं खाली आलं. देवांच्या तसबिरी, आजोबांचा फोटो आणि पडवीत घड्याळाखाली कायम टांगलेलं एक चित्र. लहानपणापासून बघतोय, पण हातात घेऊन पहिल्यांदाच पाहिलं.

कागदावर पेन्सिलीने काढलंय, साधारण १४ बाय २० इंच. दशावताराच्या रंगमंचाकडेला बाकड्यावर बसलेले तिघे वाजवणारे: पायपेटीवाला, पखवाजी आणि झांजवाला. वर बांबूला गॅसबत्ती. पेटीवाल्याचे पाय भात्यावर, नजर मात्र मान वळवून पात्रांकडे. झांजवाल्याला चक्क जांभई आलीय, म्हणजे पहाट झाली असणार. माझा जीव मात्र पखवाजावर आहे. डाव्या तोंडावर थापलेली कणीक दिसते, आणि बाकड्याच्या कडेला उरलेल्या कणकेची वाटी, वर ओला फडका. रात्रभर शेजारी बसल्याशिवाय ही वाटी कुणाला सुचायची नाही.

उजव्या कोपऱ्यात देवनागरी सही. 'ग. वि.' इतकंच वाचता येतं, आडनावावरून गळतीचा तांबूस ओघळ गेलाय. खाली '३८'. मागे खोक्याच्या फळ्या, त्यावर चिकटवलेलं वर्तमानपत्र आणि फ्रेमवाल्याची फाटकी चिठ्ठी. चिठ्ठीवर 'मुंबई ४' एवढंच उरलंय.

आता घोळ असा. जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ गावात आले होते, ते ३५०० रुपये रोख देतो म्हणाले. पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो देऊन टाक, वाटणीत एक भांडण कमी. अमेरिकेतल्या धाकट्याला ते तिकडे न्यायचंय, आणि बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे द्यायला तो तयार आहे. पण कशाच्या हिशोबाने? काकीचं एकच, "इकूचा नाय. ह्यो पखवाजवालो आमच्या सासऱ्यांचो दोस्त." दोस्ताचं नाव विचारलं तर आठवत नाही.

वाचनालयात 'शिल्पकार चरित्रकोशा'चा दृश्यकला खंड चाळला. आमच्याकडचे म्हणून सावंतवाडीत जन्मलेले सा. ल. हळदणकर ठळक दिसतात, पण हा 'ग. वि.' काही सापडला नाही. चित्रकाराचं नावच ठाऊक नसेल तर किंमत करतात कशी? आणि फ्रेम उघडून पाहू का?

---

सुरंगी: आधी एक सांगते, आत्ता पावसात फ्रेम उघडू नका. कागद दमट असतो, काचेला चिकटला असेल तर पेन्सिल काचेबरोबर निघून येईल. चित्र भिंतीला टेकवूनही ठेवू नका, मागे हवा खेळू दे.

तोवर काचेवरूनच भिंगाने बघा. सारख्या अंतरावर बारीक ठिपके दिसले तर छापील प्रत. नसले तर खोलीत अंधार करून बाजूने तिरका टॉर्च मारा. हाताने दाबून काढलेल्या रेघांची खाच दिसते आणि शिशाची पेन्सिल तिरप्या उजेडात चमकते, कोळसा चमकत नाही.

चिठ्ठीबद्दल: पिनकोड १९७२ साली आले, त्याआधी मुंबईचे नुसते विभाग क्रमांक लिहीत. ४ म्हणजे गिरगाव. त्यावरून फ्रेमचा काळ कळतो, चित्राचा नाही. मागच्या वर्तमानपत्राचंही तेच.

---

काजूगर: '३८' म्हणजे १९३८ हे कुणी ठरवलं? जुनी माणसं शके लिहीत. शके १८३८ म्हणजे इसवी सन १९१६. गॅसबत्तीमुळे मला १९३८ जास्त पटतं, पण तो पुरावा नव्हे. फ्रेम उघडेल तेव्हा कागद उजेडासमोर धरा. व्हॉटमनसारख्या चांगल्या कागदात जलचिन्ह असतं, कधी कधी सालासकट.

हा कीस काढतोय तो तुमच्या धाकट्या भावासाठी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपुढची कलाकृती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९१६ चं निघालं तर बॅगेत घालून अमेरिका विसरा.

किमतीचं म्हणाल तर अनोळखी चित्रकाराला लिलावातला आधीचा भाव नसतो, त्यामुळे कुणी छातीठोक आकडा सांगितला तर सावध व्हा. विषय, कागदाची अवस्था आणि चित्र कुणाकडून कुणाकडे आलं याची हकीकत, यावर सगळं चालतं. मुंबईतल्या एकदोन लिलाव कंपन्यांना पुढचा, मागचा, सहीचा आणि डागाचा फोटो मापांसकट पाठवा. अंदाज मिळाला की त्यातून विक्रीचं कमिशन वजा करून वाटणीचा आकडा धरा. काकी सांगतात ते आजच मोबाईलवर रेकॉर्ड करा. नाव आज नाही आठवलं, उद्या आठवेल.

आणि त्या गृहस्थांनी नक्की काय पाहिलं, चित्र की फ्रेम?

---

धागाकर्ता: दोघांचे आभार. ठिपके नाहीत. तिरक्या टॉर्चमध्ये पखवाजाच्या गजऱ्यापाशी (तोंडाच्या कडेची चामड्याची वेणी) रेघांची खाच स्पष्ट दिसली, पेन्सिल इतकी दाबलीय की कागद एका जागी फाटायचा राहिलाय. काकी रेकॉर्डिंगला तयार झाली, पण आधी साडी बदलून आली!

काजूगर, तुमचा शेवटचा प्रश्न डोक्यात राहिला. आठवलं तर गृहस्थांनी चित्राकडे ओझरतंच पाहिलं होतं, चौकटीचं लाकूड मात्र नखाने खरवडून पाहिलं. काल फोन करून विचारलं, "नुसती फ्रेम घेता का?" म्हणाले, "सागवान आहे, तीन हजार देतो." म्हणजे तिघा वाजवणाऱ्यांचे मिळून पाचशे. पुण्याच्या भावाला कळवलं, तर तोच आता म्हणतो थांब.

भावांचं ठरलंय, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की उघडायचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे हे ठाऊक आहे, पण काचेसकट एसटीने न्यायची छाती होत नाही. कुडाळ, सावंतवाडी किंवा पणजीकडे जुन्या कागदाचं काम जाणणारं कुणी माहीत आहे का? नसेल तर प्रवासासाठी काच कशी बांधायची तेवढं तरी सांगा.