मदत हवी आहे: एमबीबीएसनंतर ऑटिझम संशोधन, आधी एमडी की थेट पीएचडी?

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप करतेय, संपतच आलीय. पुढे काय, हा विषय घरी रोज जेवताना निघतो. बाबांचं उत्तर ठरलेलं: "आधी एमडी हो, मग लॅबमध्ये काय उंदीर पकडायचे ते पकड."

मला ऑटिझमवर संशोधन करायचंय. बालरोग ओपीडीत चारेक वर्षांचा एक मुलगा आला होता. विचारलं, "नाव काय तुझं?" तर म्हणाला, "नाव काय तुझं." अगदी माझ्याच सुरात, माझ्याकडे न बघता, स्टेथोची नळी बोटांत पिळत. "मुलगे उशिराच बोलतात" हे ऐकण्यात आईचं वर्ष गेलेलं. पुढे आयएसएए हा ऑटिझम मोजायचा भारतीय तक्ता भरला (४० मुद्दे, ७० पासून पुढे गुण गेले की ऑटिझम) आणि दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटची सोय झाली. पण आईने विचारलं, "याच्या मेंदूत नेमकं झालंय काय?" तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत बसलो.

मला दिसणारे रस्ते असे. सायकियाट्री किंवा पीडियाट्रिक्समध्ये तीन वर्षं एमडी, मग जमलं तर बंगळुरात निम्हान्सला चाइल्ड सायकियाट्रीचं डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी), आणखी तीन. बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष धरून तिशी उलटते. शिवाय एमडीचा थीसिस म्हणजे काय ते सीनियर्सचं बघितलंय: गाइडने दिलेला विषय, शंभर पेशंट, पी व्हॅल्यू, बाइंडिंग, संपलं.

दुसरा रस्ता, जेजीईबिल्स ही प्रवेश परीक्षा देऊन बंगळुरातल्या एनसीबीएस या जीवशास्त्र संस्थेसारख्या ठिकाणी थेट पीएचडी. एमबीबीएस चालतं. जेआरएफचे (पीएचडीच्या फेलोशिपचे) महिना ३७,००० आणि घरभाडं. रेसिडेंटला याच्या दुपटीच्या वर मिळतात, हे काका दर फोनला ऐकवतात. पैशाचं बघून घेईन. भीती वेगळीच आहे: पाच-सहा वर्षं पिपेट धरल्यावर पेशंटवरचा हात राहील का?

एमबीबीएस करून लॅबमध्ये गेलेलं कुणी आहे का इथे?

*

पिपेटवाली: मी बायोटेकची, बंगळुरात पीएचडी करतेय. फ्रॅजाइल एक्स या, अनेकदा ऑटिझमसोबत दिसणाऱ्या जनुकीय आजाराच्या उंदरांत एमग्लूआर५ हा मेंदूतला रिसेप्टर रोखणारी औषधं छान चालली होती. माणसांवरच्या चाचण्यांत त्यातलं मॅव्होग्लुरंट फेल गेलं आणि २०१४ मध्ये नोव्हार्टिसने त्या आजारासाठीचं काम थांबवलं. उंदरातली 'सुधारणा' मुलात कशी मोजायची, तेही कोणत्या वयात, यावर आमच्याकडे तासन्‌तास वाद होतात आणि खोलीत मूल तपासलेलं कुणीच नसतं. तुमच्यासारखी माणसं हवीच आहेत. पण आधी सहा महिने प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून या. पीआयला (लॅबच्या प्रमुखाला) मेल करताना त्यांचे दोन पेपर वाचून त्यातलं एखादं खटकलेलं लिहा. "आय ॲम पॅशनेट अबाउट न्यूरोसायन्स" वाले मेल कुणी उघडत नाही.

मनोविकारवाला: माझं मत बाबांच्या बाजूने, कारण मात्र वेगळं. निदान स्वतः करता येणाऱ्याला संशोधनात कुणी डावलू शकत नाही. एडॉस ही ऑटिझमची तपासणी शिकायला रीतसर ट्रेनिंग लागतं, किट महाग असतं, आणि शंभर मुलं बघितल्याशिवाय नजर बसत नाही. उंदीर पस्तिशीतही पकडता येतात.

बाँड फुकट घालवू नका. शक्य असेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) आहे तिथे ओळख काढा. आरबीएसके या सरकारी बालआरोग्य तपासणी कार्यक्रमाच्या पथकांनी अंगणवाड्यांतून पाठवलेली मुलं तिथे येतात. वर्तनदोष आणि भाषेतला उशीर दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. कोण किती वयाला पोचतं आणि मध्ये कुठे अडकतं, एवढं जरी नीट नोंदवलंत तरी थीसिसपेक्षा बरं काम होईल. आधी एथिक्स कमिटीची परवानगी काढा, नंतर धावपळ नको.

*

धागाकर्ती: दोघांचेही आभार. पिपेटवाली ताई, व्यनि केलाय. डॉक्टर, डीईआयसीचं डोक्यातच नव्हतं. आमच्या जिल्ह्यात आहे, पण तिथे बाँडचं पोस्टिंग मिळतं का? की पीएचसीला जॉइन होऊन आठवड्यातून एकदा सिव्हिल सर्जनची परवानगी काढून जायचं? कुणी केलं असेल तर अर्ज कसा लिहिला ते सांगा.