सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) झालं. आधी शिकवायचं की थेट एअरलाइन?

कृष्णाकाठ (कराड): उड्डाणाचे २०० तास भरून सीपीएल हातात पडलं की आपल्याकडची पोरं लगेच एअरबस ए-३२० च्या टाइप रेटिंगमागे (त्या एका जातीचं विमान उडवायच्या परवानगीमागे) लागतात. माझं मत, आधी असिस्टंट इन्स्ट्रक्टर व्हा, वर्षभर शिकवा. नुसतं लँडिंग घ्या. सेस्ना १७२ हे छोटं शिकाऊ विमान, ती जादा वेगात आली आणि विद्यार्थ्यानं फ्लेअरला (टेकायच्या आधी नाक उचलताना) जोरात ओढलं की ती उसळते. तो घाबरून नाक दाबतो, पुढचं चाक आधी आपटतं, दुसरी उसळी आणखी मोठी. तिसरीला नोजव्हील तरी जातं नाहीतर प्रॉपेलर. पहिल्या उसळीतच ठरवावं लागतं: फुल पॉवर, नाक सावरा, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) टप्प्याटप्प्यानं वर. इन्स्ट्रक्टरनं कंट्रोल लवकर हातात घेतलं तर पोरगं शिकत नाही, उशीर केला तर विमान हँगरात.

आडवा वारा (सांगली): पण हे सगळं सिंगल इंजिनवरचं, दिवसाउजेडी! एअरबसमध्ये साइडस्टिक (बाजूची छोटी दांडी), ऑटोथ्रस्ट (इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) आणि दोघांनी वाटून करायचं काम. शिकवताना कंट्रोल बहुतेक वेळ पोराच्याच हातात. तुमचं इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडवणं) गंजतं, आणि एअरलाइनच्या सिम्युलेटर परीक्षेत विचारतात होल्ड एंट्री (हवेत थांबायच्या घिरट्यांत शिरणं) आणि रॉ डेटा आयएलएस (ऑटोमॅटिक मदतीशिवाय रेडिओ संकेतांवर उतरणं). सीनिऑरिटी रुजू झाल्या तारखेपासून, म्हणजे वर्ष गेलं की कमांडही (कॅप्टन होणंही) मागे. अमेरिकेचा दाखला नको. तिथे २०१३ पासून को-पायलटलाही साधारण १,५०० तास लागतात, म्हणून शिकवतात. आपल्याकडे १,५०० ची अट एटीपीएलला, म्हणजे कॅप्टनला लागणाऱ्या वरच्या परवान्याला.

घाटमाथा (वाई): कराडची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण १,९०० फुटांवर. एप्रिलात दुपारी ३८ अंश असले की डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) ५,००० फुटांच्या घरात जाते. टाक्या फुल, दोघं जण आत, मग टेकऑफला किती पट्टी खाल्ली जाईल हा हिशेब इन्स्ट्रक्टर रोज करतो.

आडवा वारा: एअरलाइनमध्ये तो हिशेब टॅबलेट करतो.

कृष्णाकाठ: वजन चुकीचं भरलं तर टॅबलेट चुकीचंच उत्तर देणार, आणि आकडा विचित्र दिसतोय हे कळायला हिशेब अंगात मुरलेला लागतो.

आडवा वारा: अहो, जमीन गहाण ठेवून शिकलेल्या पोराचा हप्ता इन्स्ट्रक्टरच्या पगारात निघत नाही, ते बोला की.

घाटमाथा: भरतीच बंद असेल तर? घरी बसून हप्ता निघतो थोडाच. शिकवलं तर निदान लॉगबुकात पी-वन (विमानाचा प्रमुख वैमानिक म्हणून) तास चढतात. फक्त आयआर (इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगचं रेटिंग) लॅप्स होऊ देऊ नका.