"आज कितलो पडलो?" : निवृत्तांच्या सकाळच्या गप्पा (अनुभव धागा)

माशेल

आमची बैठक सकाळी साडेसहाला भरते. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाड्यावरून फिरून गेलेला असतो. प्रत्येकाच्या पिशवीत उंडे नाहीतर पोई असतात आणि देवकीकृष्णाच्या मैदानाजवळच्या हॉटेलात चहा. दोन मास्तर, एक वीज खात्यातला लाइनमन, एक बंदरात नोकरी केलेला आणि मी तलाठी. सगळे निवृत्त. टेकल्या टेकल्या पहिला प्रश्न मला येतो, "आज कितलो पडलो?" कारण माझ्या अंगणात पर्जन्यमापक आहे.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून वहीत जाणारा आकडा मी घरी परतल्यावर घेतो. पण मंडळींना साडेसहालाच हवा असतो. मग अंधारात बॅटरी घेऊन एकदा बघून येतो, साडेआठला पुन्हा. आकडाही इंचांतच लागतो. मिलिमीटर सांगितले की मोठे मास्तर २५.४ ने भागायला बसतात आणि तोवर कोणी चहाला हात लावत नाही. गोव्यात चार महिन्यांत साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो, म्हणजे ११८ इंचांच्या आसपास. आमच्या तोंडी मात्र शंभराचाच हिशेब, "शंभरी कधी भरता?" भरते त्या दिवशी मिरची भजी.

बंदरातला आमचा मित्र गेल्या चवथीनंतर गेला. नोकरीत असतानाही त्याने एका वर्षाची लावणी चुकवली नाही. रजा टाकायचा, पण चिखलात उतरायचा. तो गेल्यावर मी वही उघडली. २००९ पासूनचा रोजचा पाऊस त्यात आहे, त्याचा एक शब्द नाही. कुठल्या वर्षी तो "पुनर्वसू संपायच्या आत लावणी आटपा" म्हणाला, कशावरून म्हणाला, काहीच लिहिलेले नाही. रोज ऐकत होतो, म्हणून लिहायचे सुचले नाही.

त्यासाठी हा धागा. तुमच्या कट्ट्यावर, सोप्यावर, तिंठ्यावर सकाळी पावसापाण्याचे नि शेताभाटाचे काय बोलणे होते ते लिहा. आठवत असेल तर साल लिहा. कोण काय म्हणाले आणि पुढे काय झाले, एवढे आले तरी पुष्कळ.

सावईवेरे

तलाठीभाऊ, आमच्याकडे बोलणे कुळागराचे, म्हणजे माड-सुपारीच्या बागेचे. मी बँकेतून निवृत्त, शेजारचे दोघे घरचीच माडा-माडीची कामे करत आलेले. सकाळी पाटाच्या कडेला उभ्या उभ्याच बोलतो. पावसाळ्याच्या तोंडावर विषय एकच, फवारणी कधी.

माडीला, म्हणजे सुपारीच्या झाडाला, कोळेरोग लागला की कोवळी सुपारी गळून खाली सडा पडतो. उपाय जुनाच आहे, बोर्डो मिश्रण. पहिली फवारणी पाऊस सुरू होण्याआधी, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून. २०२५ साली पाऊस २५ मे रोजीच गोव्यात आला. आमची पहिली फवारणी राहिली होती. माडीवर चढणारा माणूस वर्षभर आधी सांगून ठेवावा लागतो, त्याने आम्हाला मे अखेरचा दिवस दिला होता. त्या सकाळी तिघेही पाटाकडे गप्प उभे होतो. त्यातले थोरले काका म्हणाले, "हा आलेला पाऊस मिरगाचा नव्हे. दम धरेल. मोरचूद भिजवू नका, पण आणून ठेवा."

जूनच्या सुरुवातीला पाऊस खरोखर मंदावला. दोन दिवस ऊन पडले आणि आम्ही साधून घेतले. मिश्रण काकाच करतात. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या पन्नास लिटरांत, आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचे, उलटे नाही. सगळे प्लास्टिकच्या पिंपात. मग घासून लख्ख केलेली सुरी त्यात बुडवून धरतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला. तो थर येतो की नाही हे बघताना काका श्वाससुद्धा हळू घेतात. पाते पांढरे निघाले की म्हणतात, "चढा." मिश्रण त्याच दिवशी संपवायचे, उद्यासाठी ठेवायचे नाही.

त्या वर्षी आमची सुपारी बरीच वाचली. पावसाने दम धरला नसता तर काय झाले असते ते मला सांगता येत नाही, काकांनाही येत नाही. पण मोरचूद घरात होते म्हणून ते दोन दिवस हाती लागले.

चोडण

बायकांच्या गप्पांना कोण विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. मी आरोग्य केंद्रात नर्स होते. सकाळी आम्ही चौघी बांधावरून चालायला जातो. आमच्या बोलण्यात पावसाच्या आधी ओहोटी येते. "ओहोटी केन्ना?" हा पहिला प्रश्न. भरती-ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, आणि आमच्यातल्या एकीला कालची वेळ सांगितली की आजची ती घड्याळाशिवाय सांगते. लहानपणी वडिलांबरोबर मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारापाशी) मासळीला जायची, तेव्हापासूनची सवय.

ज्यांनी खाजन पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे लिहिते. आमची शेते नदीच्या भरतीच्या पातळीखाली आहेत. मधे बांध, बांधात मानस. मानशीची लाकडी दारे वरून टांगलेली असतात. भरतीला नदीचे पाणी त्यांना आत ढकलून मिटवते, ओहोटीला आतले पाणी बाहेर ढकलून उघडते. बटण नाही, वीज नाही. पण दारात एखादा ओंडका अडकला की दार अर्धवट राहते आणि खारे पाणी आत शिरते. म्हणून चालताना आमची नजर मानशीवर. अमावास्या-पुनवेला उधाण असते, त्या दिवशी आम्ही वाकून बघतो.

एका वर्षी श्रावणात अमावास्येच्या सकाळी बांधाच्या पोटाला पाणी झिरपताना आमच्यातल्या एकीने पाहिले. मूठभर जागा. खेकड्याचे बीळ असेल असे वाटले. ज्यांनी बांध सांभाळायचा त्यांना निरोप दिला, उद्या बघू असे उत्तर आले. उद्यापर्यंत बांध राहिला नाही. हातभर वाढलेले भात खाऱ्या पाण्यात उभे होते, वरून हिरवेगार. चार दिवसांनी शेंडे पिवळे पडले. कोरगूट असते तर तगले असते, त्याला खारे पाणी सोसते. पण जास्त पिकते म्हणून सगळ्यांनी दुसरे बी घातले होते. मिठाने जमीन अशी धरली की पुढची दोन वर्षे पावसाने धुऊनही तिथे धड पीक आले नाही. माझ्या मैत्रिणीचे दोन कुणगे (शेताचे तुकडे) त्यात होते. ती आजही त्या जागेपाशी आली की बोलायची थांबते, आणि आम्हीही थांबतो.

म्हापसा

आमच्यात कोणाचेच शेत उरलेले नाही, भाटेसुद्धा (बागायती) विकली गेली. तरी सकाळी बाजाराच्या तोंडाशी उभे राहून मानकुरादाला मोहोर धरला का, थंडी पडली का, हेच बोलतो. आणि १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंद असते ते एकसष्ट दिवस, खाऱ्याचे. कोणाच्या घरी पुरुमेंताचे (पावसाळ्यासाठी साठवलेले) बांगडे शिल्लक आहेत याची आमच्यात पक्की माहिती असते.

पेडणे

मुंबईत पस्तीस वर्षे नोकरी करून गावी परतलो. पहिल्या पावसाळ्यात मोबाइल पुढे करून सांगायचो, "आज ऑरेंज अलर्ट आहे." वडाखालचे आजोबा विचारायचे, "नक्षत्र कुठले?" मला राग यायचा. अल्तिनोवर रडार आहे, उपग्रहाची छायाचित्रे आहेत, आणि हे वाहन बेडूक की म्हैस ते बघतात.

सावईवेऱ्याच्या काकांबद्दल वाचले म्हणून लिहितो, कारण २०२५ च्या त्याच मे महिन्यात आमच्याकडेही असेच झाले. शेतात पाणी साचले म्हणून शेजाऱ्याने घाईघाईने भातरोपांचा तरवा पेरला. आजोबा म्हणाले, "रोहिणी आहे. पेरलेले तरवे उन्हात सापडतील." सापडले. शेजाऱ्याला बी पुन्हा विकत घ्यावे लागले.

पण उलटेही लिहिले पाहिजे. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेले, त्याच्या आदल्या सकाळी आजोबा आकाश बघून "वळीव आहे" म्हणाले होते. मी मोबाइलवरचा इशारा दाखवून गोठ्यावरचे पत्रे दोरांनी बांधायला लावले. ते कुरकुरले नाहीत, स्वतः दोर धरून उभे राहिले. आसपासचे माड नि आंबे मुळासकट पडले, वीज कितीतरी दिवस नव्हती, आमचा गोठा राहिला. आता सकाळी ते नक्षत्र सांगतात, मी अलर्ट सांगतो, आणि दोन्ही ऐकून मग कोणी फावडे उचलतो. "पडल्या स्वाती तर पिकतील माणिक मोती" हे मला त्यांनी शिकवले. मोत्यांपर्यंत पोचायचे तर मघाही बघाव्या लागतात, हेही त्यांनीच.

सत्तरी, वाळपईपासून जवळ

मी कदंबाच्या गाडीवर कंडक्टर होतो. आमचा कट्टा म्हणजे गाडीचा थांबा. २३ जुलै २०२१ ची सकाळ. रात्रभर पाऊस होता, पण याहून मोठा आम्ही पाहिलेला. आमच्यातला एक वयस्क गुराखी नदीवरून आला आणि म्हणाला, "पाण्याचा रंग बघून या." पाणी चहासारखे झाले होते, त्यात आख्खी झाडे पाल्यासकट येत होती. तो म्हणाला, "पाला ओला आहे. म्हणजे घाटात आत्ता माती सुटतेय. इथला पाऊस मोजू नका, वरचा मोजा."

आम्ही बोलत बसलो नाही. गुरे सोडली आणि वरच्या वाड्यावर नेली. दोन तासांत म्हादई आमच्या थांब्यापर्यंत आली. त्या दिवशी सत्तरीत कितीतरी मातीची घरे बसली. आमच्या वाड्यावर चार. गुरे एकही गेली नाहीत. भिंतींवर पाण्याची रेघ अजून आहे, माझ्या छातीला लागते.

तलाठीभाऊ, तुमच्या मापकात त्या दिवशी किती आले होते ते इथे लिहाल का?

वाडे, सांगे

आमचे गाव कुर्डी. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे ते. साळावली धरणाच्या पाण्याखाली १९८६ साली गेले आणि आम्ही काही वाड्याला, काही वाळकिणीला आलो. इथे सकाळी बसणारे आम्ही सगळे तिकडचे. पावसाचे बोलणे आमच्यातही होते, पण त्यातला प्रश्न वेगळा. बाकीचा दक्षिण गोवा धरण भरले का म्हणून विचारतो, नळाचे पाणी तिथून येते. सांडव्यावरून गोल धार पडायला लागली की लोक फोटो काढायला येतात. आम्ही विचारतो, "सोमेश्वर बुडलो?"

एप्रिल-मेमध्ये पाणी उतरते तसे गाव वर येते. आधी सोमेश्वराच्या देवळाचे शिखर, मग भिंतींचे चिरे, तुळशीवृंदावने, वाटा. मे महिन्यात आम्ही सगळे तिथे जातो, देवाला गाऱ्हाणे घालतो, आपापल्या जागी बसून जेवतो. माझ्या घराचा जोत्याचा दगड मी पायाने ओळखतो, त्याला एका कोपऱ्यात उखळ खोदलेले आहे. आई तिथे मिरी कुटायची. गेल्या मे महिन्यात उखळात चिखल होता. नातीने बोटाने काढला आणि विचारले, पणजी इथे बसायची तेव्हा दार कुठल्या बाजूला होते? मी दाखवले. नंतर सकाळच्या बैठकीत माझ्याच चुलत्याने सांगितले की दार त्या बाजूला नव्हतेच, नदीकडे होते. आमचे दोन दिवस त्यावर गेले. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या आत्याने फोनवरून निकाल दिला, दारे दोन होती.

हे आकडे नव्हेत, पण तुम्ही लिहा म्हणालात म्हणून लिहिले.

काणकोण

इथे खोल्याची मिरची डोंगराच्या उतारावर पावसाच्या पाण्यावर होते, वेगळे शिंपण नाही. सकाळी बोलणे रानडुकरांचे, खेत्यांचे (माकडांचे). काल रात्री कोण राखणीला होता आणि गवे कुठून उतरले. शेती आमच्याकडे टिकली आहे, राखण करणारे पाय मात्र सत्तरीच्या पुढचे आहेत.

माशेल

सगळ्यांना देव बरें करूं. वाळपईचे दादा, २३ जुलै २०२१ चे पान काढले. माझ्याकडे त्या दिवशी पाऊस जोराचाच होता, पण तुमच्याकडे पूर आणेल असा नव्हता. तुमच्या गुराख्याचे बोलणे मी त्या आकड्याशेजारी लिहून ठेवले आहे.

वहीत तारीख, मिलिमीटर आणि इंच असे तीन रकाने होते. कालपासून चौथा आखला. आजची ओळ अशी: साडेआठची नोंद ६१ मिलिमीटर, २.४ इंच. लाइनमन म्हणाला, वारा रात्रीतून फिरलाय, मोठ्या मास्तरांच्या फणसाची फांदी तारेकडे झुकलीय, दुपारच्या आत उतरवा. फांदी अकराला उतरवली.